डॉक्टरबाईंसाठी उघडलेला पोर्ट

देशपांडे नगरातल्या त्या पॅथॉलॉजी लॅबचा पोर्ट मीच उघडला होता. लॉकडाऊनचे दिवस होते. लॅब ज्यांची, त्या डॉक्टरबाई तेव्हा साठीच्या आसपास होत्या. लॅब हुबळीत, घर धारवाडात. त्यांच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आलेला, घरात तिसरं माणूस नाही, आणि त्या दिवसांत बाहेरची बाई कामाला यायला तयार नव्हती. लॅब तर बंद ठेवता येत नव्हती. तिथली मुलं रक्त घेत, मशीनला लावत, पण रिपोर्ट तपासून सोडायचा तो बाईंनीच. त्यांनी मला फोन केला.

"घरात बसून मला लॅबचा कॉम्प्युटर दिसला पाहिजे," त्या म्हणाल्या. "आणि उद्या-परवा नको. आज."

लॅबमध्ये इंटरनेट येतं ते राउटर नावाच्या एका छोट्या डब्यातून. बाहेरून कुणी काही विचारलं तर हा डबा सहसा गप्प बसतो. त्याला मुद्दाम सांगून ठेवावं लागतं, की अमुक क्रमांकावर कुणी आलं तर त्याला आतल्या अमुक कॉम्प्युटरकडे जाऊ दे. या क्रमांकाला पोर्ट म्हणतात. मी लॅबच्या कॉम्प्युटरवर दुरून काम करायचं सॉफ्टवेअर घातलं, लांबलचक पासवर्ड ठेवला, आणि राउटरला तो क्रमांक सांगितला. सगळं मिळून अर्धा तास लागला असेल. निघताना बाईंना फोनवर म्हटलं, "मॅडम, हे तात्पुरतं आहे हं. तुम्ही यायला लागलात की बंद करून टाकू."

"हो, हो," त्या म्हणाल्या. मागून यजमान काहीतरी मागत होते. त्यांनी फोन ठेवला.

यजमान वर्षभरानं गेले. पंधरवड्यानं बाई लॅबमध्ये यायला लागल्या. मी भेटायला गेले होते. त्या भेटीत पोर्टचा विषय काढण्यासारखा नव्हता, आणि पुढं तो माझ्या डोक्यातूनच गेला.

माझं काम तेव्हाही हेच होतं, आताही हेच आहे. हुबळी-धारवाडातल्या लहान लहान ठिकाणचे कॉम्प्युटर मी सांभाळते. दवाखाने, वकिलांची ऑफिसं, गोकुळ रोडवरचे दोन-तीन कारखाने. ज्यांना पगारी माणूस ठेवणं परवडत नाही आणि ज्यांचं कॉम्प्युटरशिवाय चालत नाही, असे लोक. मी नोकरी करत नाही, कुणी माझ्या हाताखालीही नाही. स्कूटर, एक पिशवी आणि फोन. केशवापूरच्या मागच्या बाजूला आमचं घर आहे. अप्पा रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. आता निवृत्त आहेत आणि रविवारी विहारात वर्ग घेतात. शाळा माझी कन्नडमध्ये झाली, मराठी घरातली. आमच्या समाजातल्या मुली तोवर डी.एड.ला नाहीतर नर्सिंगला जात. मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तेव्हा अप्पांनी एवढंच विचारलं होतं, "हाताला काम आहे ना त्यात?"

तर एका सोमवारी सकाळी मी गोकुळ रोडवरच्या कारखान्यात बसले होते. पंपाचे सुटे भाग बनवणारा कारखाना. फोनवर एक सूचना आली. अशा सूचना मला रोज येतात, त्यातल्या बहुतेक आपल्याकडं कुणी वापरत नाही अशा गोष्टींच्या असतात. ही वेगळी होती. दुरून कॉम्प्युटर चालवायच्या ज्या सॉफ्टवेअरचा मी सगळीकडं वापर केला होता, त्यात भोक सापडलं होतं. पोर्ट बाहेरून दिसत असला तर पासवर्ड न देता आत शिरता येत होतं, आणि आत शिरून स्वतःचं नवं खातं उघडता येत होतं. माझ्या लांबलचक पासवर्डचा त्यात काही उपयोग नव्हता.

मी फोनचं इंटरनेट लॅपटॉपला जोडलं आणि बाहेरच्या माणसाला काय दिसतं ते पाहायला लागले. माझ्याकडच्या एकेका ठिकाणाचा पत्ता घालायचा आणि तो क्रमांक उत्तर देतो का ते पाहायचं. चार ठिकाणांहून उत्तर आलं. तीन मला माहीतच होती. चौथं उत्तर लॅबकडून आलं. आधी वाटलं, पत्ता चुकलाय. पुन्हा घातला. पुन्हा उत्तर आलं.

मी ज्या कारखान्यात बसले होते तोही त्या चारांत होता. मालक पन्नाशीचे, कन्नड बोलणारे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणते. त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"अण्णा, बाहेरून येणारं कनेक्शन आत्ता बंद करते."

"एनात री?" काय झालं, असं त्यांनी मान वर न करता विचारलं.

"त्या सॉफ्टवेअरमध्ये भोक निघालंय. पासवर्ड नसला तरी आत येता येतं."

"आमच्याकडं कोण येतंय? नट-बोल्ट न्यायला?"

"कारखाना कुणाचा ते बघून येत नाहीत ते. उघडं दिसलं की येतात."

"ड्रॉइंगवाला बेळगावात बसून काम करतोय. आज माल जायचाय. संध्याकाळी करा की."

"ड्रॉइंग मी त्याला मेलनं पाठवते. हे आत्ता करते."

ते माझ्याकडं बघत राहिले. आठ वर्षांत मी त्यांचं ऐकलं नाही असा हा पहिलाच प्रसंग असावा. "करा मग," ते म्हणाले आणि फोन उचलला. मी बंद केलं, आत कुणी येऊन गेलंय का ते तपासलं. कुणी आलेलं नव्हतं. दुसऱ्या दोन ठिकाणचं तिथूनच बंद करता आलं. लॅबच्या राउटरला मात्र तिथून हात लावता येत नव्हता, प्रत्यक्षच जायला हवं होतं. स्कूटर काढली.

लॅबमध्ये पोचले तेव्हा उपाशीपोटी रक्त देणारे गेले होते आणि जेवून रक्त देणारे अजून यायचे होते. काउंटरवरच्या बाई मला बघून हसल्या. त्या माझ्याहून वयानं मोठ्या, वीस वर्षं त्या काउंटरवर आहेत, तरी मला अक्का म्हणतात. "आज कसं काय अक्का? काही बिघडलं नाही आमचं."

"बघते जरा," मी म्हटलं आणि मोठ्या कॉम्प्युटरसमोर बसले.

कॉम्प्युटर वापरायला परवानगी असलेल्या खात्यांची एक यादी असते. लॅबची तीन खाती मीच केलेली होती. यादीत चार होती. चौथ्याचं नाव 'सपोर्ट' आणि पुढं एक आकडा. नाव असं, की बघणाऱ्याला वाटावं, असेल कुणाचं तरी. मलाही क्षणभर तसंच वाटलं. लॅबचं रिपोर्टचं सॉफ्टवेअर ज्यांनी दिलं होतं त्यांना फोन लावला. त्यांनी तपासून सांगितलं, आमचं नाही. खातं बारा दिवसांपूर्वीचं होतं. म्हणजे ही सूचना माझ्या फोनवर येण्याच्या कितीतरी आधी त्या माणसाला भोक माहीत होतं.

मी इंटरनेटची वायर उपटली.

"नेट गेलं वाटतं," काउंटरवरच्या बाई म्हणाल्या.

"मी काढलंय."

त्यांनी चहा मागवला. तो येईपर्यंत आणि पिऊन होईपर्यंत मी काहीच केलं नाही. तेवढ्या वेळात मी काय विचार करत होते ते सांगायला हवं. ते खातं पुसायचं, पोर्ट बंद करायचा, सॉफ्टवेअर काढून टाकायचं. वीस मिनिटांचं काम. कुणालाही कळलं नसतं. डॉक्टरबाईंना तर पोर्ट हा शब्दही आठवत नसणार. हा विचार मला वाईट वाटत नव्हता, सोयीचा वाटत होता. मग वाटलं, तो माणूस आत येऊन काय करून गेला ते तरी बघू. बघितलं, आणि मग गप्प राहणं शक्य राहिलं नाही.

कोणतं खातं काय उघडतं याच्या खुणा कॉम्प्युटर आपल्याजवळ ठेवतो. 'सपोर्ट'नं बरेच फोल्डर उघडून बघितले होते, बहुतेक नुसते बघून सोडले होते. एका महिन्याचे रिपोर्ट मात्र त्यानं एकत्र बांधून एक गठ्ठा केला होता, आणि तो गठ्ठा एका कोपऱ्यात तसाच पडला होता. बाहेर नेला की नाही ते खुणांवरून कळत नव्हतं. पण न्यायचा नसेल तर बांधेल कशाला?

मी डॉक्टरबाईंच्या केबिनमध्ये गेले. त्या मायक्रोस्कोपवर वाकल्या होत्या. हातानं खुर्ची दाखवली. काच बदलली, ती बघून झाली, मग माझ्याकडं वळल्या.

"मॅडम, आपल्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरचं कुणीतरी येऊन गेलंय."

"म्हणजे?"

मी सांगितलं. राउटर, पोर्ट, सॉफ्टवेअरमधलं भोक, चौथं खातं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"पण हा पोर्ट उघडला कुणी?"

"मी."

"कधी?"

"साहेब आजारी होते तेव्हा. तुम्हाला घरून रिपोर्ट बघायचे होते."

"म्हणजे माझ्यासाठी."

"उघडला तुमच्यासाठी. बंद करायचा राहिला तो माझ्याकडून."

त्यांनी पॅड ओढून पेन्सिल घेतली. "तुला नक्की काय माहीत आहे ते आधी सांग. अंदाज नंतर. दोन्हीची सरमिसळ करू नकोस."

मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. माहीत असलेलं अर्ध्या पानात संपलं. अंदाज पान उलटून गेले. मग म्हणाल्या, "त्या गठ्ठ्यात कुणाकुणाचे रिपोर्ट आहेत, त्याची यादी काढून दे."

यादी छापून दिली. त्या एकेका नावावरून पेन्सिल फिरवत गेल्या. बहुतेक साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन. सहा नावांपुढं त्यांनी बारीक टिंब केलं. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. काही तपासण्या लोक आपल्या गावातल्या लॅबमध्ये न करता दुसऱ्या गावी जाऊन, घरी न सांगता करतात, एवढं मला समजत होतं.

दुपारी त्यांच्या भावाचा फोन आला. ते धारवाडात वकील आहेत, बाईंनीच त्यांना निरोप ठेवला होता. केबिनमध्ये मी होते, फोन मोठ्या आवाजात होता. ते म्हणत होते, "सरकारच्या सायबर खात्याला कळव, ते कळवावंच लागतं. पेशंटला कशाला सांगत बसतेस? गठ्ठा बाहेर गेल्याचा पुरावा आहे का तुझ्याकडं?"

"नाही."

"मग झालं तर."

"रक्त मी त्यांचं घेतलंय," बाई म्हणाल्या. "सरकारचं नाही घेतलं."

सायबर खात्याला आम्ही त्याच दिवशी कळवलं. उत्तरादाखल एक नोंद क्रमांक आला. तो कॉम्प्युटर मी पूर्ण पुसून पुन्हा भरायला घेतला. त्याला दोन दिवस लागले. ते दोन दिवस लॅबमध्ये हातानं रिपोर्ट लिहिले गेले. काउंटरवरच्या बाईंचं अक्षर फार सुंदर आहे हे तेव्हा सगळ्यांना कळलं. जुने पेशंट रिपोर्ट हातात घेऊन उलटसुलट बघायचे. एक आजोबा म्हणाले, "हे बरं वाचता येतंय की."

टिंब केलेल्या सहाजणांना काउंटरवरच्या बाईंनी फोन केले. काय बोलायचं ते डॉक्टरबाईंनी लिहून दिलं होतं: लॅबमधून बोलतेय, तुमच्या रिपोर्टसंबंधी मॅडमना भेटून जा, घाबरण्यासारखं काही नाही. भेटायची वेळ दुपारची ठेवली, लॅब रिकामी असते ती. मला डॉक्टरबाईंनी केबिनमध्ये बसायला सांगितलं.

"मी बसून काय करू मॅडम?"

"ते विचारतील, हे झालं कसं. मला नीट सांगता येणार नाही. तुला येतं."

पहिले आले ते एक गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला ऑफिसचं ओळखपत्र. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी पोर्टचं सांगत असताना त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"कुणाची चूक ही?" त्यांनी विचारलं. बघत माझ्याकडं होते.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "लॅबची. म्हणजे माझी."

"तुम्ही सॉरी म्हणाल. माझ्या घरी हे कळलं तर?"

"कळेलच असं नाही."

"कळणार नाही असं लिहून देता?"

"नाही देता येणार," बाई म्हणाल्या.

ते उठले. खुर्ची मागं सरकवताना ती भिंतीला आपटली. दारापर्यंत जाऊन परत वळले आणि कन्नडमध्ये म्हणाले, की मला सांगितलं नसतं तर मी सुखात होतो. मग गेले. बाईंनी खुर्ची सरळ केली. मला त्या वेळी त्यांचं म्हणणं पूर्ण चूक वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कुंदगोळकडच्या एका खेड्यातून एक बाई आल्या. तिशीतल्या असतील. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, पायात प्लास्टिकच्या चपला. दोन बस बदलून आल्या होत्या. मी त्यांना कन्नडमध्ये समजावून सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"ते चोर कुठले री?"

"माहीत नाही. परदेशातलेही असतील."

"परदेशातले असले तर वाचू द्या की. त्यांना काय करायचंय माझं? आमच्या ओणीत, गल्लीत कळलं नाही ना?"

"नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"नाही कसं?" त्या बाईंचा आवाज एकदम चढला. "तुमच्या लॅबचा फोन आला तो जावेनं घेतला. घरात एकच फोन आहे, तो तिच्याकडं असतो. परवापासनं विचारतेय, लॅबमधनं फोन का आला? तुझा कसला रिपोर्ट? मी लॅबला गेले होते हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. आता घरी जाऊन काय सांगू?"

बाहेर काउंटरवरच्या बाईंनाही ऐकू गेलं असणार, कारण तिथलं बोलणं थांबलं. बारा दिवस कुणी अनोळखी माणूस त्या रिपोर्टवर बसून होता आणि त्याच्याकडून या बाईंना काही झालं नव्हतं. झालं ते आमच्या फोनमुळं. फोन करायचं ठरलं तेव्हा मी तिथं होते. घरचा फोन कुणाच्या हातात असतो हे माझ्या मनातही आलं नव्हतं. डॉक्टरबाईंच्याही आलं नसावं.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. मग विचारलं, "घरी कुणाला साखर आहे?"

"सासूला आहे."

"तुझी कधी तपासली?"

"नाही."

"हात पुढं कर."

त्यांनी स्वतः रक्त घेतलं. कित्येक वर्षांत मी त्यांना स्वतः सुई धरताना पाहिलं नव्हतं. नमुना मशीनला लावला, आम्ही तिघी बसून राहिलो. मग डॉक्टरबाईंनी लॅबच्या कागदावर हातानं रिपोर्ट लिहिला, खाली सही केली, शिक्का मारला. साखर ठीक होती.

"जावेला हा दाखव. सांग, लॅबनं साखर बघायला बोलावलं होतं. आणि ते खोटंही नाही. मी बोलावलं, मी तपासली."

त्या बाईंनी कागद वाचला. अक्षरांवरून बोट फिरवत सगळा वाचला. "तारीख आजची आहे. फोन परवा आला."

"म्हणून तर आज आलीस," डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्यांना ते पटलं. कागद घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला. जाताना माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आता परत फोन करू नका री."

उरलेल्या चौघांपैकी एकाचा नंबर बंद होता. एकजण आला, ऐकलं, मान हलवली, गेला. दोघांना फोन लागला होता, पण ते आले नाहीत. डॉक्टरबाईंनी त्यांना पुन्हा फोन करू दिला नाही.

गठ्ठ्याचं पुढं काय झालं ते आजतागायत कळलेलं नाही. पैसे मागणारी चिठ्ठी आली नाही, रिपोर्ट कुठं दिसले नाहीत. न्यायच्या आधीच कंटाळून सोडला असेल, की नेऊन विसरला असेल, की अजून कुठं ठेवला असेल. लॅबमध्ये आता बाहेरून येण्याची वाटच ठेवलेली नाही. बाईंनीच नको म्हणून सांगितलं. त्यांना काही बघायचं असेल तर त्या धारवाडहून येतात.

अण्णांनी त्या आठवड्यात विचारलं, की सोमवारी एवढ्या घाईनं कुठं गेलात. मी लॅबचं नाव न घेता सगळं सांगितलं. ते ऐकत ऐकत एका स्टीलच्या रिंगशी चाळा करत होते.

"म्हणजे आमचं पण उघडंच होतं?"

"तुमचं वापरात होतं. पण हो, उघडं होतं."

"आणि त्यांचं तुम्ही विसरला होता."

"हो."

महिनाअखेरीस त्यांनी मला बोलावून सांगितलं, की बेंगळुरूच्या एका कंपनीला काम दिलंय. "तुम्ही खरं सांगितलं ते चांगलं केलं, मॅडम. पण ऐकल्यावर मला दुसरं बघावं लागलं." त्यांनी कॉफी पाजली. कारखान्यातल्या सगळ्या पासवर्डांची यादी मी नव्या लोकांना समजावून दिली. आठ वर्षांचं काम एका दुपारी हवाली केलं. राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही बहुतेक तसंच केलं असतं.

घरी अप्पांना हे सकाळच्या चहाला सांगितलं. त्यांना पोर्ट वगैरे काही कळत नाही, पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वर्कशॉपात गाडीच्या डब्याखाली माणूस शिरायचा असला की डब्याला लाल पाटी लावायची. पाटीवर लावणाऱ्याचं नाव. काढायची ती त्यानंच. दुसऱ्यानं काढली तर मेमो."

"आणि लावणारा काढायला विसरला तर?"

"तर डबा हलायचाच नाही. सगळे त्याच्या नावानं बोंबलत यायचे." त्यांनी बशी खाली ठेवली. "तुझ्याकडं कुणी बोंबलत आलं नाही, हाच घोटाळा."

त्यानंतर मी जे काही तात्पुरतं उघडते, ते बंद करायची तारीख त्या ऑफिसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथल्या माणसाकडून लिहून घेते. माझ्या डायरीत ठेवत नाही. तारीख आली की त्यांचा फोन येतो. बहुतेक वैतागूनच येतो.

पाच-सहा महिन्यांनी मी बसनं धारवाडला चालले होते. स्कूटर दुरुस्तीला टाकली होती. विद्यानगरला एक गृहस्थ चढले आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर बसले. मी ओळखलं, मग त्यांनीही ओळखलं. लॅबमध्ये खुर्ची आपटून गेले होते तेच. उठून दुसरीकडं बसतील असं वाटलं. बस भरलेली होती, बसून राहिले. बराच वेळ आम्ही दोघं समोर बघत होतो.

"त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला सांगितलं," ते एकाएकी मराठीत म्हणाले. त्यांना मराठी येतं हे मला तेव्हाच कळलं. "बाहेरून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं, असा विचार केला."

मी पहिल्यांदा त्यांच्याकडं वळले.

"माहेरी गेली. तीन महिने." त्यांनी मांडीवरची पिशवी नीट केली. "आता आली आहे."

"बऱ्या आहेत?"

"तिची तपासणी केली. तिला काही नाही." मग म्हणाले, "तुमच्या लॅबमध्ये नाही केली. दुसरीकडं केली."

"बरं केलंत."

नवनगर आलं तशी ते उठले. उतरण्याआधी मान थोडी हलवली. निरोप होता की बसचा धक्का, सांगता येत नाही. मी पुढं धारवाडला गेले. तिथं एका वकिलांच्या ऑफिसात सकाळपासून प्रिंटर अडला होता आणि त्यांना चारच्या आत कागद कोर्टात द्यायचे होते.